पहिलं माप रिकामं

"कसं काय सर, बरं हाय ना?" असं आमच्या सरांना कुणी रस्त्यात विचारलं, तर सर लगेच उत्तर देत नसत. थांबत, डोळे किंचित मिटत, आणि आत कुठंतरी डोकावून आल्यासारखे म्हणत, "त्रेसष्ट." विचारणारा गोंधळून जायचा. मग सर खुलासा करायचे, "डोकं त्रेसष्ट. पोट चाळीस. अजून जेवलो न्हाई." लोहा गावच्या बाजारातल्या अर्ध्या लोकांना याची सवय झाली होती, आणि उरलेले अर्धे सर समोरून येताना दिसले की रस्ता ओलांडायचे. आम्ही पोरं त्यांना परसेंट सर म्हणायचो. तोंडावर नव्हे अर्थात, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला तर वाटतं मनातून आवडायचंही.

सर लोह्याच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. पत्र्याच्या छताची एक लांबट खोली, तीत बावीस जुनी मशीनं, चार पंखे, आणि त्यातले दोन फिरणारे, ही आमची लॅब. जगभरची पोरं प्रोग्रॅमिंग शिकताना पहिला प्रोग्रॅम लिहितात तो पडद्यावर नमस्कार उमटवण्याचा. सरांना हे साफ नामंजूर होतं.

"नमस्कार कामून? ते काय पाव्हणं हाय का तुझं? आधी तब्येत विचार त्याची."

म्हणून आमचा पहिला प्रोग्रॅम मशीनची तब्येत विचारण्याचा. पायथन भाषेत पाच ओळी. डोक्यावर लोड किती, पोटात किती भरलंय. डोकं म्हणजे प्रोसेसर आणि पोट म्हणजे मेमरी, हे सरांचं भाषांतर. ते परीक्षेत लिहिलं की बाहेरचे परीक्षक लाल रेघ मारायचे आणि सर त्यांच्याशी भांडायचे. प्रोग्रॅम चालवला की मशीन दोन आकडे द्यायचं. ते वहीत लिहायचे, मग आपलं काम करायचं, आणि काम चालू असताना पुन्हा तब्येत विचारायची. दोघांच्या प्रोग्रॅमचं उत्तर सारखं आलं, तर ज्यानं मशीनला कमी दमवलं त्याला जास्त मार्क. मी एकदा गावांच्या नावांची यादी क्रमानं लावणारा प्रोग्रॅम लिहिला. उत्तर अगदी बरोबर. सरांनी आकडा बघितला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी कुणाला उन्हात उभं केलं होतं. "उत्तर बराबर हाय पोरी," ते म्हणाले, "पण एवढ्याशा कामाला एवढी तकलीफ? त्याचा पंखा ऐक जरा." मी पंखा ऐकला. खरंच तो बिचारा घरघरत होता. मला त्या दिवशी दहापैकी चार मिळाले आणि घरी जाईपर्यंत अपराधी वाटत राहिलं.

तब्येत विचारणाऱ्यानं स्वतःच बोजा व्हायचं नाही, हा सरांचा दुसरा कायदा. आमच्या वर्गातल्या एकानं तब्येत विचारणारा प्रोग्रॅम असा लिहिला, की तो दम न घेता विचारतच सुटला. मशीन उत्तरं देता देता अर्धमेलं झालं. सर पोट धरून हसले. "दवाखान्यात बघायला जाऊन पेशंटच्या खाटेवर झोपणारी मानसं असतेत, तसं झालं की रे हे! बघायचं, आकडा घ्यायचा, आन गप निघायचं."

आणि पहिला कायदा म्हणजे 'लाभ'.

सरांचे वडील धर्माबादच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी होते. धान्य मापायला बसले की मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. मग दोन, तीन, चार. वडील शेजारच्या मिरचीच्या ढिगामुळं शिंकत शिंकत लाभ कसे म्हणायचे, हे सर वर्षातून निदान तीनदा करून दाखवायचे, शिंकांसकट. याचा आमच्या अभ्यासाशी संबंध असा, की मशीनला डोक्याचा लोड पहिल्यांदा विचारला की ते शून्य सांगतं. कायम शून्य. त्यात त्याची चूक नसते. मधल्या वेळात डोकं किती राबलं, हे दोनदा बघितल्याशिवाय निघतच नाही. एकदा बघायचं, क्षणभर थांबायचं, परत बघायचं, आणि त्या दोन्हींमधल्या वेळाचा तो हिशेब असतो. पहिल्या वेळेला मागचं काही नसतंच, मग ते बापडं शून्य देऊन मोकळं होतं. पोटाचा आकडा मात्र एकदाच बघून कळतो. सरांनी आम्हाला त्या ओळीशेजारी 'लाभ' अशी टीप लिहायला लावली होती, आणि तो आकडा वहीत उतरवणाऱ्याला वर्गाबाहेर काढायचे.

मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजायचे. उठून म्हणाले, "सर, पण मोंढ्यात तर लाभाचं माप मोजणीत धरतात की."

सरांनी खडू खाली ठेवला. "हाव, धरतेत. ज्वारीचं माप भरलेलं असतंय. हे रिकामं हाय. म्हणून त्याला मानानं नाव द्यायचं, आन सोडून द्यायचं." एवढं बोलून त्यांनी मला पुढच्या बाकावर बसायला सांगितलं. ती शिक्षा होती की बक्षीस, हे मला वर्ष संपेपर्यंत कळलं नाही.

लॅबमधल्या मशीनना नंबर नव्हते, गावांची नावं होती. नंबर दिले की पोरं मशीनला लाथा घालतात, गावाचं नाव दिलं की घालत नाहीत, असा सरांचा अनुभव. आजूबाजूची बावीस गावं खडूनं फळ्यावर लिहिलेली, आणि रोज सकाळी प्रत्येकापुढं दोन आकडे. "आज सोनखेडचं पोट लई भरलंय, त्याला जड काम देऊ नका." "कलंबर आज खुशीत हाय." माळाकोळीचा एक मुलगा माळाकोळीवरच बसायचा हट्ट धरायचा आणि दुसऱ्या कुणाला बसू द्यायचा नाही. शेवटी सरांनी त्याला सहा महिने मुद्दाम दुसऱ्या गावावर बसवलं. लेकाला जग कळावं म्हणून, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्या घरी मी दोनचारदा गेले होते. काकू आरोग्य खात्यात नर्स, भयंकर कामाच्या आणि भयंकर स्पष्ट. त्या सांगायच्या, "घरात बी तेच गं. मी ड्यूटीवरून आले की विचारतेत, डोक्यावर लोड किती हाय? म्हणलं, तुम्ही उठून चहा टाका म्हंजे कमी व्हईल." सर खरोखर उठून चहा टाकायचे. काकू चहा पीत असताना समोर बसायचे, आणि कप अर्धा झाला की हळूच विचारायचे, "आता किती?" काकू माझ्याकडं बघून कपाळाला हात लावायच्या, पण आकडा सांगायच्या, आणि तो नेहमी आधीपेक्षा कमी असायचा.

सगळ्यांशीच त्यांचं असं गोडीत निभत होतं असं मात्र नाही. प्राचार्यांचं मशीन एकदा फार हळू झालं. नवीन घ्या, असा त्यांचा हुकूम होता. सर गेले, तब्येत विचारली, मेमरी कोण खातंय त्याची यादी काढली, आणि पाच प्राध्यापक बसलेले असताना खणखणीत आवाजात वाचली, "बासष्ट खिडक्या उघड्या हायत सर. त्यातल्या एकोणीस एकाच शालूच्या." प्राचार्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. सरांचा कुचेष्टा करायचा हेतू अजिबात नव्हता, त्यांनी पेशंटचा रिपोर्ट वाचावा तसा वाचला. पण त्यानंतर लॅबचा तिसरा पंखा दुरुस्त व्हायला दोन वर्षं लागली.

आता मी लातूरला आमच्या संस्थेच्या मुख्य कार्यालयात कॉम्प्युटर विभागात काम करते. संस्थेची कॉलेजं बरीच, त्यातलं लोह्याचं सगळ्यात लहान. नोकरी लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि ती अजून पक्की व्हायची होती, तेव्हाची ही गोष्ट. सचिव साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "कोणत्या लॅबमधली मशीनं राबतात आणि कोणती नुसती धूळ खातात, ते मला महिनाभर मोजून पाहिजे." हे तर माझ्या हातचं काम. मी कॉलेजातली जुनी वही काढली. सरांच्या पाच ओळी तशाच्या तशा उतरवल्या, पहिल्या मापासकट, टिपेसकट.

शेजारच्या खुर्चीत पुण्याहून आलेला एक सहकारी बसायचा. त्यानं स्क्रीनवर वाकून बघितलं आणि हसत विचारलं, "हे 'लाभ' काय आहे गं? पूजा वगैरे करता का आधी?"

तो काही वाईट मुलगा नाही, सहज बोलला. पण माझे कान गरम झाले. मोंढा, मापाडी, शिंका, हे सगळं त्याला समजावून सांगायचं माझ्या जिवावर आलं. "काही नाही, जुनं आहे," असं म्हणून मी ती ओळ पुसून टाकली. तिच्याबरोबर क्षणभर थांबायची ओळही पुसली. प्रोग्रॅम कसा छान आटोपशीर दिसायला लागला.

पुढं मी आणखी एक शहाणपणा केला. लातूरच्या कॉलेजातल्या नव्या मशीनवर हा प्रोग्रॅम दिवसभर चालू ठेवला. लोह्याच्या मशीनची मात्र मला दया आली. जुनी आहेत, बोजा नको, म्हणून तिथं तो दर अर्ध्या तासानं उघडायचा, एकदाच आकडा घ्यायचा आणि बंद व्हायचा, अशी सोय केली. म्हणजे सरांचा दुसरा कायदा मी अगदी इमानदारीनं पाळला आणि पहिला पुसून टाकला. लातूरला सकाळचं एक रिकामं माप दिवसभराच्या आकड्यांत हरवून जायचं. लोह्यात प्रत्येक वेळचं माप पहिलंच, म्हणजे प्रत्येक वेळचं रिकामं.

महिन्याच्या शेवटी अहवाल तयार झाला. लातूरचे आकडे कमीजास्त, पण जिवंत. लोह्याच्या बावीसच्या बावीस गावांपुढं डोकं शून्य, शून्य, शून्य.

हे लिहायला मला आजही जड जातं, पण खरं तेच लिहिते. तो कागद बघून मला आकड्याचा संशय आला नाही, सरांचा आला. वाटलं, थकले असतील. आता पोरंही येत नसतील. लॅबला कुलूपच असेल बहुतेक. मी जराशी हळहळले, आणि अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवून जेवायला गेले.

आठवड्याभरात लोह्याला पत्र गेलं, सोबत अहवालाची प्रत. लॅब वापरात नसल्यानं मशीनं लातूरच्या कॉलेजला हलवण्यात येत आहेत, सोमवारी टेम्पो येईल. मशीनं गेली की लोह्याचा कॉम्प्युटरचा वर्ग आपोआपच बंद. लातूर-नांदेडला खोली करून राहतील अशा पोरांचं काही अडलं नसतं. पण त्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली होत्या, आणि त्यांच्या घरचं कुणी त्यांना लोह्याच्या पुढं पाठवणारं नव्हतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लोह्यात लॅब होती म्हणूनच मी शिकले, नाहीतर माझ्या बाबांनी विज्ञान शाखेचा अर्जसुद्धा घेऊ दिला नसता.

शुक्रवारी दुपारी सर मुख्य कार्यालयात हजर झाले. खांद्याला शबनम, आणि हातात चादरीत गुंडाळलेलं एक आख्खं मशीन. लोह्याहून एस.टी.नं घेऊन आले होते, सीटवर बसवून. कंडक्टरनं विचारलं म्हणे, हे काय आहे? सर म्हणाले, माळाकोळी. कंडक्टर म्हणाला, मग उतरवा की काका, माळाकोळी तर मागंच गेलं. हा किस्सा सरांनी साहेबांच्या केबिनबाहेर शिपायाला इतक्या रंगून सांगितला, की शिपायानं त्यांना नंबर नसताना आत सोडलं.

साहेबांनी मलाही आत बोलावलं होतं. सरांनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली, बस्स. तो अहवाल माझा आहे, हे त्यांना माहीत होतं की नाही, मला कळेना.

"साहेब," सरांनी अहवालाचा कागद पुढं केला, "ह्यात बघा. डोकं शून्य, आन पोट साठाच्या वर. पोट भरलेलं आन डोकं रिकामं, अशी मानसं असतेत. मशीन नसतंय."

साहेबांना हसावं की रागवावं ते समजेना. सरांनी तेवढ्यात टेबलावरच्या फायली बाजूला सारून मशीन मांडलं, साहेबांचाच पडदा त्याला जोडला, आणि एकदम चार मोठे प्रोग्रॅम चालू केले. मशीनचा पंखा असा घोंघावायला लागला की साहेबांचे कागद उडाले. मग सर मला म्हणाले, "आता तुमचा तो प्रोग्रॅम लाव बरं ह्याच्यावर."

मी लावला. पडद्यावर शून्य आलं.

"पुन्हा लाव."

पुन्हा शून्य. बाजूला पंखा जीव तोडून ओरडत होता आणि पडद्यावर शून्य. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पुसलेली ओळ मला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसली.

"म्हणजे अहवालच चुकला," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "ही चूक कुणाची?"

मी तोंड उघडायच्या आधी सर बोलले. "माझी, साहेब. ही माझी विद्यार्थिनी. पहिला आकडा सोडायचा असतो, हे पोरांना शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं."

जो माणूस तब्येतसुद्धा अंदाजानं सांगत नव्हता, तो माझ्यासाठी तोंडावर धडधडीत खोटं बोलत होता. आणि शरमेची गोष्ट अशी, की एक क्षणभर मला बरं वाटलं. नोकरी पक्की होण्याचा माझा कागद त्याच टेबलावर, त्याच उडालेल्या कागदांत कुठंतरी होता.

"नाही साहेब," मी म्हणाले. "सरांनी शिकवलं होतं. माझ्या वहीत आहे. ती ओळ मी काढून टाकली."

"का?"

"गावठी दिसत होती म्हणून."

साहेबांनी पेन उचललं, लोह्याच्या पत्रावर मोठ्या अक्षरात 'रद्द' लिहिलं, आणि मला म्हणाले, "सोमवारपासून पुन्हा मोजा. नीट. तुमच्या कागदाचं त्यानंतर बघू." सरांना म्हणाले, "मास्तर, तेवढा पंखा बंद करा आता."

आम्ही बाहेर आलो. सर मशीन चादरीत गुंडाळायला लागले तर मी ते हिसकावूनच घेतलं. निदान रिक्षापर्यंत तरी मी उचलते म्हटलं. वजन बरंच होतं. जिना उतरताना मी म्हणाले, "सर, चुकलं माझं."

"ओळ काढलीस त्याचं काही न्हाई," सर म्हणाले. "पोरं काढतेतच. मी बी माझ्या मास्तरांच्या लई ओळी काढल्या." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "पण माझ्या लॅबमधलं महिनाभराचं शून्य बघितलंस ना तू? एवढ्या दिवसांत एक फोन तरी करावा वाटला न्हाई?"

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते. मला भर दुपारी, कार्यालयाच्या फाटकात, सगळ्यांसमोर रडू फुटलं. दोन्ही हातांत मशीन, त्यामुळं डोळे पुसायचीही सोय नव्हती. तशीच नाक ओढत मी रिक्षापाशी गेले.

रिक्षावाल्यानं माझ्याकडं बघितलं, चादरीतून डोकावणाऱ्या वायरींकडं बघितलं, आणि कळवळून म्हणाला, "ताई, एवढं नका रडू. दुरुस्त होतंय ते. आमच्या लातुरात समदं दुरुस्त होतंय."

सर मोठ्यानं हसले. माझ्या हातातलं मशीन घेऊन मांडीवर ठेवत रिक्षात बसले, आणि मला म्हणाले, "ऐकलंस का? समदं दुरुस्त होतंय म्हणे. मग येत जा की लोह्याला."